उपसा

डिचोलीच्या माणसाला पाण्याचा उपसा ही काही नवलाची गोष्ट नाही. ज्या तालुक्यात लोखंडाच्या खनिजासाठी आधी डोंगर पोखरले गेले आणि डोंगर सरल्यावर जमिनीच्या पोटात, भूजलाच्या पातळीच्याही खाली, खड्डे नेले गेले, त्या तालुक्यात पंपाची घरघर हा रात्रीच्या शांततेचाच एक भाग होऊन बसला होता. खाणीच्या तळाशी झरे फुटत, ते उपसल्याखेरीज खनिज हाती लागत नसे, आणि म्हणून माणसे झोपली तरी पंप झोपत नसत. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, त्याबरोबर ही घरघरही थांबली. त्यानंतरच्या पावसाळ्यांत ते खड्डे काठोकाठ भरून त्यांची तळी झाली. उन्हाळ्यात त्यांतले पाणी नदीत सोडून पाणीपुरवठ्याला हातभार लावण्याचे प्रयोगही पुढे झाले. ज्या पाण्याला एकेकाळी अडथळा समजून बाहेर फेकले जात होते, त्याच पाण्याकडे नळाला तोंड लावून बसलेली गावे आशेने पाहू लागली.

पंपाविषयी विचार करताना आम्हांला नेहमी ही गोष्ट आठवते. पंप पाण्याचा नाश करीत नाही. एका ठिकाणचे पाणी उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो, इतकेच त्याचे सामर्थ्य. खाणीतून उपसलेले पाणी गाळ घेऊन कोणाच्या तरी शेतात गेले, आणि खड्डा कोरडा राहिला त्या मानाने शिरगावसारख्या गावातल्या विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली. एकाचा कोरडेपणा हा दुसऱ्याच्या ओलाव्याशी किंवा तहानेशी बांधलेला असतो, हे आमच्या तालुक्याने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. आम्ही येथे जे लिहिणार आहोत ते मात्र फार लहान प्रमाणावरचे आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल अशा एका खड्ड्याची, त्यातल्या दोन पंपांची आणि एका बॅटरीची ही हकीकत आहे.

डिचोलीत सपाट जमीन थोडी. जुनी घरे उतारावर, चिऱ्यांचे बांध घालून बसविलेली. आमचे घरही तसेच. रस्त्याच्या बाजूने पाहणाऱ्यास ते एकमजली दिसते. मागच्या बाजूने सोळा पायऱ्या उतरून गेले की खाली आणखी एक लांबट खोली आहे. तिची एक भिंत थेट मातीला टेकलेली, आणि समोरचे दार परसात, माडांत आणि त्यापलीकडच्या व्हाळाकडे उघडणारे. उन्हाळ्यात या खोलीइतकी थंड जागा घरात दुसरी नाही. परंतु जांभा हा सच्छिद्र दगड. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आषाढ अर्धा झाला की डोंगर पाणी पिऊन तृप्त होतो आणि पुढचा प्रत्येक थेंब चिऱ्यांच्या सांध्यांतून खालच्या खोलीत पाझरू लागतो. आमच्या वडिलांनी यासाठी भिंतीच्या कडेने एक मोरी काढून ती परसातून व्हाळात सोडली होती. व्हाळ आपल्या पात्रात असेतोवर ती मोरी उत्तम चालते. व्हाळ चढून मोरीचे तोंड बुडाले की आतले पाणी बाहेर जात नाही, उलट बाहेरचे आत यावयास पाहते. नदीला पूर आणि मांडवीला भरती एकाच वेळी आली म्हणजे तर व्हाळाला आपले पाणी न्यावयास जागाच उरत नाही.

हाच प्रश्न साखळीच्या बाजारासमोरही आहे. तेथे वाळवंटीच्या काठी पूररक्षक भिंत बांधलेली आहे, पण भिंत नदीला जशी आत येऊ देत नाही तशी नाल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून नदी चढली की नाल्याचे पाणी पंपांनी उपसून भिंतीपलीकडे टाकावे लागते. बाजार वाचविण्यासाठी सरकार जे करते तेच आम्हांला एका खोलीसाठी करावे लागले.

आता कोणी विचारील की त्या खोलीचा एवढा अट्टाहास कशासाठी? कुलूप लावून मोकळे व्हावे! तर त्या खोलीत आमची आत्या राहत असे. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली, तिने आमच्या आईच्या आजारपणात आम्हां भावंडांना वाढविले, आणि गेली चाळीस वर्षे तीच खोली तिचे घर होती. खोलीचे दार परसात उघडते, परसात तिची तुळस, तिची अबोली, तिची अळवाची वाफ. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून सोळा पायऱ्या चढणे तिला अशक्य झाले होते. वर राहावयास आली तर परस कायमचे सुटणार हे ती जाणून होती. तिला उचलून वर आणणे सोपे होते. वर आणल्यावर ती किती दिवस टिकली असती हे मात्र सांगता येत नव्हते. आमचे चिरंजीव पुण्याहून दर पावसाळ्यात फोन करीत, की घर विका, पर्वरीला लिफ्ट असलेल्या इमारतीत जागा घ्या, तिघेही सुखाने राहा. सल्ला चुकीचा नव्हता. फक्त त्या हिशेबात तुळस आणि अबोली धरलेली नव्हती.

पाणी घरात शिरते म्हणजे काय होते हे आम्ही सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. मामलेदार कचेरीत असताना पुरानंतरचे पंचनामे करण्यासाठी आम्ही तलाठ्यांबरोबर गावोगाव हिंडलो. पंचनाम्याच्या नमुन्यात भिंती, कौले, भांडीकुंडी, धान्य यांचे रकाने असतात. मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर धीर धरते आणि पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर, दुपारी कोसळते, हे आम्ही तेव्हाच शिकलो. पण लोक आम्हांला दाखवीत ते निराळेच. भिजून एकमेकींस चिकटलेली लग्नाची छायाचित्रे, शाई पसरलेला शाळा सोडल्याचा दाखला, बियाण्यासाठी राखून ठेवलेले आणि आता कोंब फुटलेले भात. या गोष्टींना नमुन्यात रकाना नव्हता. आम्ही त्या ‘इतर’ या सदरात एका शब्दात नोंदवीत असू, आणि पुढे मंजुरीच्या वेळी तो शब्द गळून जाई.

२०२१ सालच्या जुलैची २३ तारीख गोव्यात अनेकांच्या लक्षात आहे. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे मुख्यमंत्र्यांनीच म्हटले होते. सत्तरी, डिचोली, फोंडा, बार्देश, पेडणे, सर्वत्र हाहाकार उडाला, शेकडो घरांची पडझड झाली. आमच्याकडे आदल्या रात्रीच वीज गेली होती. मोरीचे तोंड बुडाले, भिंत पाझरू लागली आणि पहाटेपर्यंत खालच्या खोलीत घोटाभर पाणी झाले. आम्ही एकसष्ट वर्षांचे, आमच्या सौ. आमच्याहून थोड्या लहान, आणि मदतीला शेजारचे भाऊ. तिघांनी मिळून बादल्यांनी पाणी उपसले. आत्या खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि कंदिलाच्या उजेडात बादल्या मोजीत होती. तीनशेपर्यंत तिने मोजल्या, पुढे मोजणे सोडून दिले. घरात पाण्याच्या टाकीसाठी लागणारा विजेचा पंप होता, तो वापरताही आला असता. परंतु ज्या रात्री पंपाची गरज पडते त्याच रात्री वीज गेलेली असते. हा काही योगायोग नव्हे. जो वारा पाऊस आणतो तोच माडाची झावळ तारांवर टाकतो.

उपाय सुचला तो अमेरिकेतून. आमचा पुतण्या न्यू जर्सीत राहतो. तिकडच्या घरांना तळघर असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि तळघराच्या कोपऱ्यात पाणी गोळा होण्यासाठी खड्डा आणि त्यात आपोआप सुरू होणारा पंप, हीही तितकीच सामान्य. त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला ‘आयडा’ या चक्रीवादळाचे अवशेष तिकडे पोचले आणि काही तासांत एवढा पाऊस झाला, की एकट्या न्यूयॉर्क शहरात तळघरातल्या घरांत अकराजण बुडून मेले. पुतण्याची वीज त्या रात्री गेली होती, पण त्याच्या खड्ड्यात बॅटरीवर चालणारा दुसरा पंप होता. तो फोनवर म्हणाला, “काका, पहिला पंप आपण रोजच्यासाठी घेतो, दुसरा त्या एका रात्रीसाठी.” जगातल्या श्रीमंत शहरात माणसे तळघरात बुडतात आणि डिचोलीत आत्या खाटेवर पाय वर घेऊन बसते, यांतले अंतर आम्हांला त्या क्षणी फार थोडे वाटले.

२०२२ च्या एप्रिलात काम सुरू केले. खोलीच्या सर्वांत सखल कोपऱ्यात खड्डा खणून त्यात भोके पाडलेले प्लॅस्टिकचे पिंप बसविले, भोवताली खडी भरली, आणि भिंतीच्या कडेची मोरी त्यात वळविली. वरून जाड फळ्यांचे झाकण. नळकाम करणाऱ्याने बाहेर पडणारा पाइप पूर्वेच्या गडग्यावरून सरळ पलीकडे सोडावा असे सुचविले. अंतर कमी, खर्च कमी. तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, हे पाणी जाणार कुठे?” गडग्यापलीकडे शेजारच्या भाऊंचे स्वयंपाकघर, आमच्या खोलीहूनही हातभर सखल. ज्या माणसाने रात्रभर आमच्या घरात बादल्या उचलल्या त्याच्या चुलीवर आमचे पाणी सोडावयाचे! सौ.च्या त्या प्रश्नाने आराखडा बदलला. पाइप आमच्याच हद्दीतून साठ फूट नेऊन व्हाळाच्या वळणाखाली, पुराच्या पातळीहून उंच, सोडला. पाइप लांबला की पाण्याचे घर्षण वाढते आणि पंपाचा जोर कमी पडतो, म्हणून दीड इंचाऐवजी दोन इंची पाइप घ्यावा लागला. खर्च वाढला, पण शेजाऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलता येते, ही सोय त्या रकमेत आम्ही जमा धरली.

आता यंत्राविषयी थोडे. खड्ड्यात तळाशी विजेचा पंप आहे आणि त्याहून वीतभर उंचीवर बॅटरीचा. प्रत्येकाला एक तरंगता गोळा जोडलेला असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि कळ दाबली जाते, पाणी उतरले की गोळा खाली बसतो आणि पंप थांबतो. वीज असली आणि पहिला पंप ठीक असला तर पाणी दुसऱ्याच्या गोळ्यापर्यंत पोचतच नाही. वीज गेली, पहिला बिघडला, किंवा पाणीच त्याच्या आवाक्याबाहेर येऊ लागले, तरच दुसरा जागा होतो. प्रत्येक पाइपात एक झडप असते, जी पाण्याला वर जाऊ देते पण परत येऊ देत नाही. ती नसती तर पंप थांबताच साठ फुटांतले पाणी पुन्हा खड्ड्यात येऊन पडले असते, आणि तेच पाणी पंप रात्रभर वरखाली करीत बसला असता. ही झडप पाहिली की आम्हांला मांडवीकाठच्या खाजनांतली मानस आठवते. ओहोटीला शेतातले पाणी तिची लाकडी दारे ढकलून बाहेर जाते आणि भरतीला खाडीचेच पाणी ती दारे लावून घेते. न कळ, न तार, न माणूस. आमच्या पूर्वजांनी शतकानुशतके चालविलेले तत्त्व दुकानदाराने आम्हांला नव्या नावाने आणि बऱ्याच किमतीला विकले. असो.

या सगळ्याचा प्राण म्हणजे बॅटरी. शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केली. दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी तिचे तत्त्व तेच आहे. मोटारीची बॅटरी येथे उपयोगाची नाही. ती क्षणभर मोठा जोर लावण्यासाठी घडविलेली असते. आम्हांला हवी ती तासन् तास थोडेथोडे देणारी, घरातल्या इन्व्हर्टरला वापरतात तशी. आमची १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची आहे. पंप चालू असताना सुमारे १० अँपिअर घेतो. कागदावर पाहिले तर ती सलग पंधरा तास पुरावी. पण अशी बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून निम्मीच आपली समजावी. उरले ७५. मात्र पंप सतत चालत नाही. तासातून पंधरा मिनिटे चालला तर तासाला अडीच अँपिअर-तास खर्च होतात, आणि या हिशेबाने तीस तास निघतात. तीस तास म्हणजे एक पूर्ण रात्र, एक दिवस आणि दुसऱ्या रात्रीची सुरुवात. एवढा अवधी मिळाला तर वीज येते, किंवा निदान कोणीतरी मदतीला येते.

यंत्र बसविणे सोपे. ते जागते ठेवणे हे खरे काम. वर्षातून कदाचित एकदाच लागणारी वस्तू उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपल्याला फसवू शकते, कारण ती स्वस्थ बसलेली आहे की मेलेली, हे बाहेरून सारखेच दिसते. नोकरीतल्या सवयीने आम्ही एक नोंदवही घातली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, आणि पावसाळ्यात दर रविवारी, भिंतीवरची कळ बंद करून वीज तोडावयाची, खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतावयाचे आणि कान देऊन ऐकावयाचे. गोळा वर आला का, पंप लागला का, बाहेर व्हाळाच्या तोंडाशी पाणी पडले का, पाणी उतरल्यावर पंप थांबला का. चारही उत्तरे होकारार्थी आली तरच पुढे ‘ठीक’ हा शेरा. पंपाच्या जाळीत जांभ्याचा तांबडा गाळ साचतो, तो जूनपूर्वी आणि गणेशचतुर्थीनंतर काढावा लागतो. गोळ्याची तार भिंतीत अडकत नाही ना, हे पाहावे लागते.

बॅटरीची सेवा निराळी. ती जमिनीवर ठेवलेली नाही. कमरेइतक्या उंच चिऱ्यांच्या ओट्यावर, खिडकीजवळ ठेवली आहे, कारण पाण्याशी लढणारीच पाण्यात बुडाली तर काय उपयोग, आणि भरताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेणारा वायू असतो. डिचोली पितळी समयांसाठी प्रसिद्ध. आत्याची समई त्याच खोलीत तेवत असे. ती आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, देव्हाऱ्यासह हलविली. आत्याने कारण विचारले, ऐकले आणि देवांना नवी जागा दाखवून दिली. बॅटरीतल्या पट्ट्या पाण्याखाली असाव्या लागतात. पातळी उतरली की फक्त शुद्ध केलेले, म्हणजे डिस्टिल्ड, पाणी घालावयाचे. विहिरीचे घातले तर त्यातले क्षार पट्ट्यांना मारतात, आणि आम्ल तर वरून कधीच घालावयाचे नसते. भरलेली बॅटरी विसाव्याला असताना १२.६ व्होल्टच्या जवळपास दाखविते; १२.२ म्हणजे निम्मी संपली. टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तो खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून वर पेट्रोलियम जेली लावावी. तारा काढताना ऋण टोकाची आधी, लावताना तीच शेवटी. हातमोजे आणि चष्मा हवाच.

नोंदवहीचा उपयोग पहिल्याच वर्षी कळला. २०२३ च्या एप्रिलात चाचणी घेतली तेव्हा पंप लागला, पण चार-पाच मिनिटांत त्याचा आवाज जड झाला आणि व्होल्टमापकाचा काटा उतरू लागला. वर्षभरात बॅटरीने एकही खरी रात्र काढलेली नव्हती. दुकानात नेली तर उत्तर मिळाले की, तुम्ही ती नीट ठेवली नसेल. आम्ही नोंदवही पुढे केली. बारा महिन्यांच्या तारखा, व्होल्ट, घातलेले पाणी, सगळे एका खाली एक. मग खोक्यावरचा उत्पादनाचा महिना पाहिला गेला, आणि ती आमच्याकडे येण्यापूर्वीच बराच काळ दुकानात न भरता पडून होती असे निघाले. हमीच्या मुदतीत ती बदलून मिळाली. छत्तीस वर्षे आम्ही लोकांच्या अर्जांना कागदपत्रे जोडा असे सांगत आलो. त्या वाक्याचा फायदा आयुष्यात प्रथमच आमच्या पदरी पडला. नव्या बॅटरीवर आम्ही रंगाने तारीख घातली आहे. तिचे आयुष्य चार वर्षे धरले आहे, आणि जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावयाची, भंगारात टाकावयाची नाही, कारण शिसे विहिरीच्या पाण्यात उतरले तर ते कोणत्याही पंपाने उपसता येत नाही. २०२२ च्या नियमांनी आता ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरच घातली आहे.

२०२४ च्या जुलैत ती रात्र आली. दीड वाजून गेला होता. वाऱ्याचा एक झोत आला, पंखा थांबला. आम्ही दिवा घेऊन सोळा पायऱ्या उतरलो. खड्ड्यात पाणी चढत होते. वीतभर, आणखी दोन बोटे, आणि मग तो आवाज. मोठा नव्हे; कोणी दूरच्या खोलीत जाते ओढीत असावे तसा. मिनिटभर चालला, थांबला. चार-पाच मिनिटांनी पुन्हा. आत्या जागी होती. गावाच्या सीमेवर रात्री फिरणाऱ्या आणि वर्षातून एकदा रोट घेणाऱ्या रक्षणकर्त्याला आमच्याकडे राखणो म्हणतात. आत्याने पंपाचे नाव पहिल्या दिवसापासून तेच ठेवले होते, आणि आम्ही बॅटरीत पाणी घालू लागलो की “रोट दिलास का रे?” असे विचारी. त्या रात्री ती म्हणाली, “राखणो जागा आहे, बाबू. तू जाऊन नीज.” आम्ही गेलो नाही, खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो. थोड्या वेळाने तिला झोप लागली. तीन वर्षांपूर्वी बादल्या मोजणारी ती बाई पुरात शांत झोपलेली आम्ही पाहिली. वीज दुसऱ्या दिवशी अडीच वाजता आली. तेरा तास होत आले होते. बॅटरी १२.४ च्या वर होती आणि जमीन कोरडी. नोंदवहीत आम्ही आकडे लिहिले. आत्या झोपली हे ‘इतर’ या सदरात.

त्याच महिन्यात दिल्लीत राजेंद्रनगर भागातल्या एका इमारतीच्या तळघरात पाणी शिरून तेथे अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडाले, आणि पुण्यात मुठेच्या काठी पुराच्या पाण्यात विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. ही वर्तमानपत्रे वाचून आम्ही दोन गोष्टी ठरविल्या. खालच्या खोलीच्या विजेची मुख्य कळ वरच्या मजल्यावर असावी, जेणेकरून पाण्यात पाय टाकण्यापूर्वी ती बंद करता येईल, आणि तारेतून गळती होताच वीज तोडणारे उपकरण त्या जोडणीवर हवेच. दुसरी गोष्ट अशी, की पंप हा माणसाला खाली ठेवण्यासाठी नाही. पाणी पंपाला न जुमानता चढू लागले तर माणसाला आधी वर आणावयाचे. त्यासाठी हात असलेली एक वेताची खुर्ची आणि शेजारचे दोन तरुण यांची व्यवस्था आम्ही आत्याच्या संमतीने करून ठेवली. ती वेळ आली नाही.

आत्या २०२५ च्या फेब्रुवारीत गेली. दुपारची वेळ होती, परसाकडचे दार उघडे होते. अंगणात अबोली वाळत घातलेली होती.

त्यानंतर चिरंजीवांनी पुन्हा विचारले, की आता खालची खोली कोणासाठी कोरडी ठेवता? प्रश्न रास्त होता. आम्ही लगेच उत्तर दिले नाही. पण मार्चच्या पहिल्या तारखेला सवयीने खाली उतरलो, कळ बंद केली, बादल्या ओतल्या आणि ऐकले. पंप लागला, थांबला; ‘ठीक’ असा शेरा लिहिला. वर येताना दहाव्या पायरीवर थोडे थांबावे लागले. हल्ली तेथे थांबावेच लागते. सौ.ना बाराव्यावर. पायऱ्यांना हात धरण्याचा कठडा बसवून घेतला आहे, परंतु कठड्याने पायऱ्या कमी होत नाहीत. आणखी पाच-सात वर्षांनी, आयुष्य असेल तर, आम्हां दोघांनाही परसात उघडणारी आणि उंबऱ्याखेरीज कसलाही चढ नसलेली एक खोली लागणार आहे. चिरंजीवांना आम्ही तसे कळविले, आणि नोंदवही कोठे ठेवलेली असते तेही कळविले. बॅटरीवरची तारीख २०२७ ची आहे. ती बदलावयाच्या वेळी, मे महिन्यात, ते स्वतः येऊन शिकून घेणार आहेत.